नजर कमी असलेला सहकारी येतोय, केबिन द्यावी का?

तुमचा प्रश्न असा, की टीममधे रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा, नजर हळूहळू कमी करणारा आजार) असलेला अकाउंटंट एक तारखेला जॉईन होतोय आणि साहेब म्हणतायत त्याला कोपऱ्यातली केबिन देऊ, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको. मलाही हाच आजार आहे, अकाउंट्समधे १४ वर्षं झालीत, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

केबिन नको. माझ्या पहिल्या ऑफिसनेही अशीच प्रेमाने दिली होती आणि सहा महिन्यांत माझी टपालपेटी झाली, मेल येऊन पडायचे बस. कुठल्या पार्टीचं बिल अडकलंय, साहेब कशावरून तापलेत, हे कानावर पडणंच बंद, आणि आमचं निम्मं काम कानावर चालतं हो. बरं, मला विचारलंच नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी त्यालाच विचारा, नक्की काय दिसतं, कुठे अडतं. यात बहुतेकदा काठाची नजर आधी जाते, समोरचं बऱ्यापैकी दिसतं. मी व्हॉट्सॲप वाचतो आणि दोन मिनिटांनी पॅसेजमधल्या कचऱ्याच्या डब्याला अडखळतो, लोकांना वाटतं नाटकं करतोय. अंधार पडला की तर विचारूच नका. म्हणून शिफ्ट तासभर अलीकडे घेतलीत तर थंडीत उजेड असेतो घरी पोचेल, याला एक रुपया लागत नाही. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी टेप लावा आणि वाटेत सॅक, खुर्च्या ठेवू नका.

आता कॉम्प्युटर. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी २००६ मधे सुरू केलेला. आयटीवाले "पॉलिसीत बसत नाही" म्हणून इन्स्टॉल करायला महिना लावतात, तेव्हा ती परवानगी आत्ताच काढून ठेवा. पण खरी गोम फाइल्समधे असते. बिलाचा फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे रीडरला कोरा कागद, ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं मजकुरात बदलून द्या. एक्सेलमधे मर्ज केलेले सेल आणि नुसत्या लाल रंगाने दाखवलेली थकबाकी नको, बाजूच्या कॉलममधे "थकीत" असं लिहा. आणि मराठी पत्रं! जुन्या श्रीलिपी, कृतीदेव फॉन्टमधलं पत्र उघडलं की रीडर त्यामागची रोमन अक्षरं आणि चिन्हं बडबडत सुटतो, मी एकदा अख्खं ऑडिटचं पत्र असं ऐकलंय, हसावं की रडावं कळेना. युनिकोडमधे टाइप करा, नायतर कन्व्हर्ट करून द्या. मीटिंगमधे स्क्रीन शेअर करून "हे इथलं बघा" म्हणू नका, "बी १२ मधला आकडा" म्हणा, आणि शीट आदल्या दिवशी पाठवा.

साहेब खर्चाचं काढतील तेव्हा कायद्याचंही कानावर घाला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण काढून काय सोयी देणार ते लिहावं लागतं, आणि २० किंवा जास्त माणसं असतील तर या सोयी बघणारा लायझन ऑफिसर कोण, हेही लिहावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते इंटरनेटवरून उचललेलं असतं ते सोडा.

एक राहिलंच, फायर ड्रिल. सायरन वाजला आणि लाइट गेले की मला दरवाजाही दिसत नाही, गेल्या वेळी सगळे खाली पोचल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं मी वरच आहे. आमच्याकडे आता शेजारच्या टेबलावरच्या दोघांची नावं त्यासाठी ठरवून ठेवलीत, एक रजेवर असला तरी दुसरा असतो. त्यांनी दंड धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो स्वतः धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. एकदा जिन्यावरून करून बघा त्याला घेऊन.