गाठीचं नाव सांगायला एवढा वेळ का?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या ह्यांच्या मांडीत आत खोल गाठ आहे, दुखत नाही पण वाढतेय. सांगलीत सुईने तुकडा काढला, रिपोर्टात नुसतं 'स्पिंडल सेल ट्यूमर, आयएचसी करा' लिहिलंय. दीर म्हणतात चरबीचीच असेल, काढून टाका. काय करू? – एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, काढायची घाई अजिबात नको. स्पिंडल सेल म्हणजे पेशी लांबट दिसतायत एवढंच, आणि तशा दिसणाऱ्या गाठी बऱ्याच, काही साध्या, काही सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, नसा अशा मऊ भागांतला कॅन्सर. मऊ भागातल्या गाठींचे शंभरावर प्रकार डब्ल्यूएचओच्या 2020 च्या वर्गीकरणात आहेत, त्यामुळे लॅबवाला टाळाटाळ करतोय असं समजू नका, उलट नाव ठोकून दिलं नाही हे बरंच झालं. आयएचसीत पेशींमधली ठराविक प्रथिनं रंगवून बघतात, त्यावरून स्नायूची, नसेची की आणखी कसली हे बरंचसं कळतं. तरी अडलं तर फिश टेस्ट, म्हणजे पेशीतल्या जीनमध्ये तोडमोड झालीय का ते बघणारी तपासणी, उदा. सायनोव्हियल सार्कोमात एसएस18 जीन तुटून दुसऱ्याला जोडलेला सापडतो. यासाठी बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागत नाही, आधी काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवलाय तोच मेणाचा ब्लॉक चालतो, तेवढा लॅबमधून मागून घ्या, स्लाइड आणि एमआरआयची सीडीपण. मग सार्कोमा नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या, मुंबईला टाटा मेमोरियलला दाखवता येतं. आत खोल, वाढणारी, त्यात पाच सेंमीच्या वर असेल तर संशय धरायचाच. नाव न कळता नुसती उपसून काढली तर आजूबाजूला पेशी राहतात आणि पुढचं ऑपरेशन मोठं होतं, हे दिरांनाही सांगा.