एक लँडिंग बिघडलं, म्हणून मुलीला परत बोलवावं का?

प्रश्न : माझी मुलगी कमर्शियल पायलट लायसन्ससाठी शिकते आहे. गेल्या महिन्यात सोलो, म्हणजे एकटीनं केलेल्या, उड्डाणात उतरताना तिचं सेसना विमान धावपट्टीवर उसळलं, पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर घासला. तिला काही झालं नाही, पण आम्ही हादरलो आहोत. घर गहाण ठेवून कर्ज काढलंय. तिला परत आणून दुसऱ्या कोर्सला घालावं का? आणि एअरलाइनला हे सांगायलाच हवं का? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. मुलगी सुखरूप आहे हे सगळ्यात महत्त्वाचं.

शिकाऊ वैमानिकांच्या हातून असं होणं नवलाचं नाही. सोलोला इन्स्ट्रक्टरचं वजन नसतं, त्यामुळे विमान हलकं होतं आणि टेकायच्या आधी जास्त वेळ तरंगतं. वेग थोडा जास्त राहिला की चाकं टेकून ते पुन्हा उसळतं. अशा वेळी घाबरून नाक खाली दाबलं, की मागच्या मुख्य चाकांआधी पुढचं चाक आपटतं, आणि ते तेवढा मार सोसण्यासाठी बनवलेलंच नसतं. सगळ्यात सुरक्षित उपाय : पूर्ण पॉवर द्यायची, गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं, आणि सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती एक फेरी, मारून पुन्हा यायचं. मात्र हा निर्णय एक-दोन सेकंदांत घ्यावा लागतो. तो शिकता येतो, म्हणून एवढ्यावरून मुलीच्या कुवतीबद्दल मत बनवू नका.

तिच्या चीफ इन्स्ट्रक्टरना भेटा. सोलोआधी उसळलेलं लँडिंग सावरण्याचा सराव किती झाला होता? आता ड्युअलवर, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत असताना, तो कसा करून घेणार? ‘पोरगी घाबरली’ एवढंच उत्तर मिळालं, तर मी करिअर नाही, फ्लाइंग स्कूल बदलण्याचा विचार करीन.

मुलीशीही बोला, पण कर्जाचा विषय मध्ये न आणता. लायसन्ससाठी 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन. म्हणजे तिला पुन्हा पुन्हा एकटीनं उतरायचं आहे. इन्स्ट्रक्टरसोबत काही सर्किट्स होऊ देत, मग तिला काय वाटतं ते विचारा. तेव्हाही ती नको म्हणाली, तर तिचं ऐका. पैसे बुडतील या धास्तीनं कुणाला कॉकपिटमध्ये बसवू नये.

लपवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. विमान अपघाताच्या चौकशीचे नियम स्पष्ट आहेत : हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नव्हे. तिनं घडलं तसं लिहून द्यावं, वेग, उसळी, आपण काय केलं, सगळं. पुढे अर्जात किंवा मुलाखतीत विचारलं तरी तेच सांगावं. स्वतःचं चुकलेलं लँडिंग नीट समजावून सांगणारा उमेदवार मला तरी भरवशाचा वाटतो. लपवलेलं उघड झालं, तर मोडलेल्या चाकापेक्षा तेच जास्त नडेल.

राहिला खर्च. फ्लाइंग स्कूलशी केलेला करार काढून वाचा. विमानाच्या विम्यातून भरून न येणारी रक्कम विद्यार्थ्याकडून घेण्याचं कलम त्यात आहे का, ते पाहा. ते तपासल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.