बाझेलला नॅनोवायरवर पीएचडीला निघताना

प्रश्न असा: पुण्यात फिजिक्सची एमएस्सी झाली, स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठात नॅनोवायर फोर्स सेन्सरवर (अतिबारीक तारेच्या डोलण्यातून सूक्ष्म बल मोजणाऱ्या साधनावर) पीएचडीची जागा मिळतेय, निघायला चारेक महिने आहेत. काय शिकून जावं आणि तिथे गाडी कुठे अडते?

कागदांचं आधी उरकू. कॅंटनची, म्हणजे तिथल्या प्रांताची, परवानगी आल्याशिवाय डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) मिळत नाही, म्हणून त्याआधी तिकीट काढू नका. पोचल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी करायची, तीही कामावर रुजू होण्याआधी. आरोग्य विमा ३ महिन्यांत घ्यावाच लागतो आणि हप्ता पोचल्या दिवसापासून लागतो, तेव्हा उशीर करून पैसे वाचत नाहीत. घराचं डिपॉझिट ३ महिन्यांच्या भाड्यापर्यंत जातं, तेवढी तजवीज ठेवा. सीमेपलीकडे जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये भाडं कमी दिसेल, पण स्विस परमिटवर तिथे राहता येत नाही. लॅबमध्ये इंग्रजी चालतं. सरकारी पत्रं मात्र जर्मनमध्येच येतात.

आता मुख्य विषय. ही तार गॅलियम आर्सेनाइडची असते: साधारण २०-२५ मायक्रोमीटर लांब, ३५० नॅनोमीटर जाड, सिलिकॉनवर उगवलेली, आणि मोजतानाही बुडाशी तिथेच रोवलेली. फ्रीक्वेन्सी ४०० किलोहर्ट्झच्या आसपास, स्प्रिंग स्थिरांक सुमारे १० मिलिन्यूटन प्रति मीटर, आणि थंड निर्वातात क्यू (क्वालिटी फॅक्टर, कंपन किती हळू विरतं त्याचं माप) ५०,०००च्या घरात. ती नमुन्यावर काटकोनात उभी धरतात. डोलते पृष्ठभागाला समांतर, आणि लांबीच्या दिशेने ताठ असल्यामुळे जवळ नेली तरी एएफएमच्या (अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या) मऊ कॅंटिलिव्हरसारखी, म्हणजे एका टोकाला धरलेल्या पट्टीसारखी, पटकन जाऊन चिकटत नाही. तारेचा छेद अगदी सममित नसतो, म्हणून काटकोनातले दोन मोड, म्हणजे डोलण्याच्या दोन दिशा, फ्रीक्वेन्सीच्या थोड्या फरकाने वेगळे दिसतात. दोन्ही एकाच वेळी पाहिले की बलाची दिशाही कळते. खरी गंमत इथेच आहे.

किमान बलाचं, म्हणजे टिपता येणाऱ्या सर्वांत लहान बलाचं, गणित पाठ असू द्या. चार, बोल्ट्झमन स्थिरांक, तापमान आणि स्प्रिंग स्थिरांक यांचा गुणाकार करा, त्याला कोनीय फ्रीक्वेन्सी आणि क्यूच्या गुणाकाराने भागा, मग वर्गमूळ घ्या. वरचे आकडे ४.२ केल्विनला घातले की एका हर्ट्झच्या बॅंडविड्थमध्ये सुमारे ४ अॅटोन्यूटन (अॅटो म्हणजे १०चा उणे अठरावा घात) येतात. खोलीच्या तापमानाला क्यू ५,०००वर आला, तर तेच ११५च्या आसपास. म्हणजे झगडा तापमानाशी आणि क्यूशी आहे. महागडं ॲम्प्लिफायर आणून तो सुटत नाही.

कॅलिब्रेशन तारेच्या औष्णिक थरथरीवरून करतात. ४.२ केल्विनला ही थरथर जेमतेम ७५ पिकोमीटर असते. स्पेक्ट्रममधल्या शिखराखालचं क्षेत्रफळ आणि तापमान यांवरून स्प्रिंग स्थिरांक निघतो. पण त्यासाठी तापमान खरं हवं. तारेचं डोलणं टिपायला वापरलेला तांबडा लेझर गॅलियम आर्सेनाइडमध्ये शोषला जातो आणि निर्वातात ती उष्णता फक्त बुडातून बाहेर पडते, त्यामुळे क्रायोस्टॅट (थंड ठेवणारं उपकरण) ४.२ दाखवत असताना तार त्याहून गरम असू शकते. लेझरची शक्ती तीन-चार पायऱ्यांनी कमी करत क्षेत्रफळ मोजा आणि शून्य शक्तीपर्यंत रेष ओढा. हा टप्पा टाळून काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एक मोड दिसतच नसेल तर तो बहुधा लेझरच्या दिशेला काटकोनात डोलतोय. दोन्हींशी ४५ अंशांच्या जवळ कोन घ्या.

क्यू पडला की संशयित ठरलेले असतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जास्त वेळ न्याहाळली तर तारेवर कार्बनचा थर बसतो. निर्वात अपुरं असेल तर हवेचं डॅम्पिंग राहतं. नमुन्याजवळ शेवटच्या शंभरेक नॅनोमीटरमध्ये स्पर्शाविनाच घर्षण वाढतं. त्यात पृष्ठभागावरच्या विखुरलेल्या चार्जचा वाटा असतो, म्हणून नमुन्याला व्होल्टेज देऊन फ्रीक्वेन्सी कुठे सर्वांत कमी ढळते ते आधी शोधा. आणि नमुना सरकवताना तारा मोडणारच. चिपवर शेजारच्या तारा त्याचसाठी.

तयारीसाठी बुधवार पेठेतून घड्याळाचे ३२,७६८ हर्ट्झचे क्वार्ट्झ क्रिस्टल आणा; तेही तारेसारखे कंपन पावतात, म्हणून क्यू मोजायचा सराव होतो. किरकोळ किमतीत दहा येतील, दोन-तीन फुटतील. डबी बंद असताना फ्रीक्वेन्सी हळूहळू बदलत (स्वीप करत) क्यू मोजा, मग टोपण कापून हवेत मोजा. मोठी घट दिसली पाहिजे. शिखराच्या थोडं वर एक खड्डा दिसेल. तो क्रिस्टलच्या स्वतःच्या कपॅसिटन्समुळे येतो, फिटमध्ये तोही घ्या. नंतर ड्राइव्ह (कंपन देणारा सिग्नल) बंद करून कंपन विरायला किती वेळ लागतो त्यावरूनही क्यू काढा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर स्वीप बहुधा फार वेगाने झालाय: प्रत्येक पायरीवर विरण्याच्या काळाच्या पाचपट तरी थांबा.