राठवा, राठिया की राठवा कोळी? संशोधनाचे डेटाबेस शोधताना

प्रश्न : ताई नमस्कार. मी बडोद्यात डांडिया बाजारला राहते, एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला विषय घेतलाय की छोटा उदेपूरकडचे राठवा लोक देवाला मातीचे घोडे वाहतात त्याचा, म्हणजे अर्धं मानववंशशास्त्र आणि अर्धं पुरातत्त्व. सर म्हणाले डेटाबेस बघ, कुठला ते सांगितलं नाही. गूगलवर टाकलं तर नुसते फोटो आणि टूरवाल्यांची पानं येतात, आणि जे दोन-चार पेपर दिसतात ते उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. बाबा म्हणतात भरूया, पण असे किती भरणार? सगळं एकाच ठिकाणी मिळेल अशी साइट नाही का?

उत्तर : आधी बाबांना सांग, एक रुपयाही भरू नका. आणि अशी एकच साइट नाहीये गं, हे आत्ताच कळलं तर पुढचे दोन महिने वाचतील. तुझं सामान पाच-सहा ठिकाणी विखुरलंय, आणि मला विचारशील तर ठिकाणांपेक्षा मोठी अडचण शब्दांची आहे. तिथूनच सुरू करते.

तू सर्चमध्ये काय टाकलंस? बहुतेक मातीचा घोडा, आदिवासी, गुजरात, असंच काहीतरी इंग्रजीत. अभ्यासक लोक त्याला मातीचा घोडा म्हणतच नाहीत, ते म्हणतात व्होटिव्ह टेराकोटा, म्हणजे नवसाची मृण्मयं, भाजलेल्या मातीच्या वस्तू. पुरातत्त्वाच्या अंगाने लिहिणारे एथ्नोआर्किऑलॉजी म्हणतात, म्हणजे आजच्या लोकांच्या रीतींवरून जुने अवशेष समजून घेणं. हे दोन शब्द टाकून बघ, टूरवाले गायब होतील. मग राठवा. इंग्रजीत कोणी शेवटी डब्ल्यू-ए लिहितो, कोणी व्ही-ए, कुठे राठिया म्हणून येतं, आणि जुन्या कागदांत कितीतरी ठिकाणी राठवा कोळी अशी नोंद असते. छोटा उदेपूरचं तर विचारूच नकोस, छोटामध्ये एक एच की दोन, पुढे उदेपूर की उदयपूर, सगळ्या जोड्या सापडतात. मागच्या वर्षी एका मुलीबरोबर मी अख्खी दुपार लायब्ररीत बसले होते, डब्ल्यू टाकला की एक ढीग यायचा आणि व्ही टाकला की दुसराच, आणि तिला हवा होता तो लेख तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये होता. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सगळी स्पेलिंगं लिहून ठेव, आणि सर्च करताना दोन स्पेलिंगांच्या मधे ओआर हा शब्द कॅपिटल अक्षरांत टाक म्हणजे दोन्ही एकदम येतात, आणि दोन शब्दांचं नाव असेल तर अवतरण चिन्हात घाल.

आता ठिकाणं. तू युनिव्हर्सिटीत आहेस ना, तर पहिली हंसा मेहता लायब्ररी. तिथल्या माणसांना विचार की वन नेशन वन सबस्क्रिप्शनचा ॲक्सेस कसा घ्यायचा आणि घरून लॉगिन करायचं असेल तर काय करायचं. ही केंद्र सरकारची योजना आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना उघडी केलीत, आणि तिचं काम बघणारी इन्फ्लिबनेट ही संस्था आपल्या गांधीनगरलाच आहे. तुझ्याकडे डॉलर मागणारे पेपर यातल्याच एखाद्या प्रकाशकाचे असण्याची खूप शक्यता आहे. पोरं घरच्या वायफायवरून पेपर उघडतात, पैशाची पाटी दिसते आणि तिथूनच परत फिरतात, आपल्या कॉलेजकडे तो पेपर आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरं जेस्टोर, संशोधनाच्या लेखांचा ऑनलाइन साठा. कॉलेजचं सबस्क्रिप्शन नसलं तरी स्वतःच्या नावाने फुकट अकाउंट काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत पण वाचायला काय हरकत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं बुलेटिन तिथे आहे आणि ते तुझ्या खूप कामाचं, कारण गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९४० च्या दशकात खोदकाम केलं त्यात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वेही होत्या. म्हणजे पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र एकाच खड्ड्यात उतरलेलं, तू आज जे करू बघतेयस तेच. ही परंपरा तुझ्या प्रस्तावनेत यायलाच हवी असं मला वाटतं.

तिसरं शोधगंगा, हे पण इन्फ्लिबनेटचंच, भारतातल्या पीएचडीचे लाखो थिसीस फुकट. थिसीस तिथे तुकड्यातुकड्यांनी ठेवलेले असतात, प्रत्येक चॅप्टरची पीडीएफ वेगळी, तर सगळ्यात आधी शेवटची बिब्लिओग्राफीची फाइल उघड. कोणीतरी पाच वर्षं घालून जमवलेली यादी तुला पाच मिनिटांत मिळते, आणि त्यातले तीन-चार संदर्भ परत परत दिसायला लागले की समज ते टाळून चालणार नाही. तुझ्या विषयात असं एक नाव हकु शाह यांचं आहे, चित्रकार होते आणि गुजरातच्या नवसाच्या मृण्मयांवर त्यांनी खेड्यापाड्यांत फिरून काम केलं, अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातलं आदिवासी संग्रहालय त्यांनीच उभं केलं. त्यांच्यापर्यंत डेटाबेसमधून पोचणं कठीण, बिब्लिओग्राफीतून सहज पोचशील.

आता तुझे सर बहुधा ज्याबद्दल बोलत होते ते, ई-एचआरएएफ. अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीत १९४९ मध्ये ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स नावाची संस्था सुरू झाली, त्यांचे दोन डेटाबेस आहेत, एक संस्कृतींचा आणि एक पुरातत्त्वाचा. याची गंमत अशी की इथे पुस्तकाला नाही, पुस्तकातल्या प्रत्येक परिच्छेदाला विषयाचा नंबर दिलेला आहे. मातीची भांडी-मूर्ती बनवण्याच्या तंत्राचा नंबर ३२३, पवित्र वस्तू आणि जागांचा ७७८. तू हे दोन्ही नंबर एकत्र मागितलेस की जगभरात जिथे जिथे एकाच परिच्छेदात कुंभारकामही आहे आणि देवस्थानही आहे ते परिच्छेद समोर येतात, लेखकाने घोडा म्हटलं असो वा मूर्ती वा आणखी काही. शब्द चुकला तरी नंबर चुकत नाही. संथाळ, खासी, गारो असे आपल्याकडचे समाज त्यात चांगले आहेत, पण राठवांवर तिथे भरभरून मिळेल अशी आशा ठेवू नकोस, तुलनेच्या चॅप्टरसाठीच वापर. सबस्क्रिप्शन महाग असतं, एकटीने घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, संस्थांना काही दिवसांचा ट्रायल मिळतो, तो लायब्ररीला मागायला सांग आणि ट्रायल सुरू व्हायच्या आधी तुझी नंबरांची यादी तयार ठेव.

अँथ्रोसोर्स हे अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या जर्नल्सचं घर आहे, आणि लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा अँथ्रोपॉलॉजिकल इंडेक्स आहे, ज्यात लेख नसतो, लेख कुठे छापला ते कळतं. दोन्ही एकेकदा चाळ. इंग्लंडमधल्या यॉर्कचा आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस आणि अमेरिकेचा टीडार यांची नावं तुला प्रत्येक यादीत दिसतील, चांगलेच आहेत, पण एकात मुख्यतः ब्रिटन आणि दुसऱ्यात मुख्यतः अमेरिका, तुझ्या विषयासाठी तिथे वेळ घालवू नकोस.

त्यापेक्षा आपल्या एएसआयच्या, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, साइटवर जा. इंडियन आर्किऑलॉजी, अ रिव्ह्यू हा त्यांचा वार्षिक अहवाल १९५३-५४ पासून आहे, कुठल्या जिल्ह्यात त्या वर्षी काय सापडलं ते राज्यवार दिलेलं असतं, पीडीएफ फुकट. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेव. छोटा उदेपूर जिल्हा झाला १५ ऑगस्ट २०१३ ला, त्याआधी तो बडोदा जिल्ह्यातच होता, तर जुन्या अहवालांत तू छोटा उदेपूर जिल्हा शोधलास तर काहीच मिळणार नाही आणि तुला वाटेल तिथे काही कामच झालं नाही. बडोदा जिल्ह्याखाली बघ.

तसंच ब्रिटिशकाळाचं. आपल्या बडोदेकरांची सवय अशी की आसपासचं सगळं गायकवाडांचंच होतं असं धरून चालायचं. संखेडा गायकवाडांकडे होतं, पण छोटा उदेपूर हे वेगळं संस्थान, रेवाकांठा एजन्सीतलं, म्हणजे ब्रिटिशांच्या देखरेखीखालच्या संस्थानांच्या गटातलं. म्हणून बॉम्बे गॅझेटियरचा, म्हणजे ब्रिटिशांनी भागवार माहिती छापलेल्या ग्रंथमालेचा, बडोद्यावरचा सातवा खंड, १८८३ चा, उघडून निराश होऊ नकोस, तुझं आहे ते सहाव्या खंडात, रेवाकांठाच्या, १८८० चा. जुने गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले आहेत. आणि १९६१ च्या जनगणनेवेळी गुजरातच्या हस्तव्यवसायांवर, जत्रा-सणांवर आणि एकेका गावावर वेगळे अहवाल निघाले होते, ते जनगणना खात्याच्या डिजिटल लायब्ररीत शोध. जुन्या साहेबलोकांची भाषा आदिवासींबद्दल बऱ्याचदा वाईट आहे, माहिती घे पण त्यांची विशेषणं तुझ्या लिखाणात येऊ देऊ नकोस.

शेवटी, छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगढला आदिवासी अकादमी आहे, तिथे त्यांचं वाचा नावाचं संग्रहालय आहे, एकदा जाऊनच ये. ज्यांच्या देवाबद्दल तू लिहिणार त्यांच्याशी बोलायच्या आत सगळे डेटाबेस संपवायचे असं काही नाही, उलट तिथल्या लोकांकडून त्या घोड्याचं, त्या जागेचं, त्या विधीचं त्यांच्या बोलीतलं नाव लिहून आण, तेच तुझे पुढचे कीवर्ड. एखादा पेपर कुठेच नाही मिळाला तर लेखकाला साधी मेल कर, कोण, कुठली, कशासाठी हवाय, चार ओळी पुरतात.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, बडोद्यातल्या अकोट्याला राहतो. आमच्या भागात जुन्या मूर्ती सापडल्या होत्या असं ऐकत आलोय. कॉलेजचं कार्ड नाही, कॉम्प्युटर जेमतेम येतो. वाचायला कुठे मिळेल?

उत्तर : काका, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. १९५१ मध्ये अकोट्याला ६८ जैन कांस्यमूर्तींचा साठा सापडला, त्यावर उमाकांत शाहांनी १९५९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास युनिव्हर्सिटीच्या सुब्बारावांनी बडोदा परिसरात खोदकाम केलं, त्याचा रिपोर्ट १९५३ चा. जुन्या लेखांत तुमच्या अकोट्याला अंकोट्टक म्हटलंय, लायब्ररीत विचारताना दोन्ही नावं सांगा.

कॉलेजच्या कार्डाची गरजच नाही. सेंट्रल लायब्ररी सयाजीरावांनी १९१० मध्ये सगळ्यांसाठी काढली, त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले होते. तिथे जाऊन अकोटा आणि अंकोट्टक ही दोन नावं कागदावर लिहून काउंटरवर द्या. मूर्ती बघायच्या असतील तर कमाटी बागेतलं म्युझियम. वरच्या मुलीला सांगितलं तेच तुम्हालाही, जाताना नातवंडाकडून फोनवर जेस्टोरचं अकाउंट काढून घ्या, ईमेल आयडी असला की झालं, विद्यार्थी असायला लागत नाही.