रेघ मार, पान फाडू नकोस

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या भौतिकशास्त्राच्या तिन्ही वह्या वाचल्या, सोबतची चिठ्ठीही वाचली. 'कण म्हणजे नेमकं काय हेच कळेनासं झालंय, सगळं फाडून नव्याने स्वच्छ लिहिते' म्हणतेस. फाडू नकोस. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मार, शेजारी तारीख घाल आणि पुढे चल. रेघ एकच. खालचं वाचता आलं पाहिजे.

दुसऱ्या वहीतलं पान ४१ समोर घेऊन बसलोय. वर लिहिलंयस, 'प्रोटॉन = दोन अप क्वार्क + एक डाउन क्वार्क', म्हणजे प्रोटॉनच्या आतले तीन मूलकण. खाली वस्तुमानांची बेरीज: २.२, २.२ आणि ४.७, म्हणजे साधारण ९ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). शेजारी प्रोटॉनचं मोजलेलं वस्तुमान, ९३८. ते जुळेना म्हणून सगळं इतकं गिरवून खोडलंस की पेन कागदातून आरपार गेलं. अगं, तुझी बेरीज बरोबरच होती! गडबड होती ती वरच्या अधिकच्या चिन्हात. तुकड्यांची वजनं मिळवली की अख्ख्याचं वजन येतं, ही तराजूची सवय तिथे चालत नाही. प्रोटॉनचं बहुतेक वस्तुमान क्वार्कांच्या हालचालीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन-क्षेत्राच्या ऊर्जेतून येतं. ९ कुठे आणि ९३८ कुठे, हा प्रश्न तुला स्वतःच्या हिशेबातून पडला होता. त्याच्यावरच तू शाई ओतलीस.

बाकीच्या पानांचंही तेच. पहिल्या वहीत इलेक्ट्रॉन हा इवलासा गोळा आहे, दुसरीत लाट, तिसरीत क्षेत्राचं स्पंदन. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ विग्नरची १९३९ची मांडणी येते आणि कण म्हणजे अवकाश-काळाच्या सममितीचं, वस्तुमान आणि स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) यांच्या जोडीने ओळखलं जाणारं एक रूप उरतं. हे टप्पे आहेत, पोरी. गोळा खोडण्यापेक्षा तो कुठे मोडतो ते लिही. २.८ × १०⁻¹⁵ मीटर त्रिज्येचा भरीव गोळा घे, त्याला इलेक्ट्रॉनचा स्पिन दे आणि विषुववृत्तावरचा वेग काढ. प्रकाशाच्या सुमारे १७० पट येतो, म्हणजे अशक्यच. हा आकडा स्वतःच्या हाताने एकदा काढलास की गोळा पुन्हा डोक्यात शिरणार नाही. 'स्पिन म्हणजे स्वतःभोवती फिरणं नव्हे' हे वाक्य नुसतं उतरवून घेतलंस, तर परीक्षेनंतर महिन्याभरात तो परत येईल.

१९२५ मध्ये तरुण भौतिकशास्त्रज्ञ क्रोनिगला इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो असं सुचलं, पण तो मागे हटला. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने ती कल्पना झिडकारली आणि क्रोनिगने ती छापलीच नाही. त्याच वर्षी उहलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी तीच कल्पना लिहिली. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झने हाच वेगाचा दोष दाखवल्यावर तेही घाबरले, निबंध परत घ्यायला निघाले. पण त्यांचे गुरू एरनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. डिरॅकचं बघ. त्याच्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणातल्या धन-भारित पोकळ्या (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) म्हणजे प्रोटॉन असावेत, असं त्याने १९३० मध्ये चक्क छापलं. प्रोटॉन तर इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड! ही तफावत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून तर पुढच्याच वर्षी तो प्रति-इलेक्ट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉनएवढ्याच जड पण धन-भारित कणावर आला. १९३२ मध्ये अँडरसनला तो कण सापडला.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय मी एवढा का चिडतोय ते तुला कळायचं नाही. पीएचडीच्या वेळी माझ्या मार्गदर्शकांना पक्की वही हवी असायची. मी रात्र-रात्र जागून सुंदर अक्षरात उतरवून काढलं आणि कच्च्या अकरा वह्या रद्दीत दिल्या. बऱ्याच वर्षांनी एका विद्यार्थ्याने विचारलं, 'सर, तुम्हाला हे पटलं कसं?' मी पक्की वही उघडली. एकूण एक ओळ बरोबर. पण मी कुठे अडलो होतो, कुठला पर्याय का सोडला, याचा मागमूस नाही. त्याला उत्तर देता आलं नाही मला. ते अजून सलतं.

तेव्हापासून मी हातानेच लिहितो आणि काहीही टाकत नाही. सहकारी हटवादी म्हणतात. माझे निबंध त्यांच्यापेक्षा कमी आहेत, हेही खरं. पण त्यातल्या प्रत्येकामागची चुकलेली पानं मी आज काढून दाखवू शकतो, आणि याची मला लाज वाटत नाही. वाटावी तरी का?

तेव्हा संगणकावर स्वच्छ प्रत खुशाल कर, पण वह्या जपून. रेघ एकच, तारीख शेजारी. किती वेळा सांगू?

वह्या परत पाठवतोय. पान ४१ला मागून पातळ कागद चिकटवलाय. उजेडात धरलंस तर ९ आणि ९३८ दोन्ही वाचता येतात. पान ४२ कोरं आहे, उरलेले ९२९ तिथे मांड. पहिला प्रयत्न चुकेल. तो मला तसाच पाठव.

तुझा,
सर