‘आवाज नॉर्मल आहे’ हे त्यांच्याकडून लेखी घ्या

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आहे. अकरा महिन्यांपूर्वी त्यांनी कोल्हापूरच्या शोरूममधून डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली. किंमत १६ लाख ८० हजार, त्यातली बरीचशी रक्कम कर्जाची. चौथ्या महिन्यापासून सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवला की ५० ते ६० च्या वेगाला खालून गुरगुर सुरू होते, सीट आणि स्टिअरिंग थरथरतात. वर्कशॉपच्या पाच खेपा झाल्या. तीन वेळा ‘आवाज आढळला नाही’, चौथ्यांदा ‘आवाज नॉर्मल आहे’, पाचव्यांदा इंजिनाचं एक माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, बदललं. आठवडाभर बरं गेलं, मग पुन्हा तेच. आता सांगतात की खारी हवा आणि घाटातलं ड्रायव्हिंग यामुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही, ७० हजार भरा. गाडी बदलून मिळेल का, हप्ते थांबवू का आणि गाडी शोरूमच्या दारात सोडून येऊ का, असं ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आधी हप्त्याचं. थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे, गाडीतल्या दोषाशी बँकेचा संबंध नाही. दोन हप्ते चुकले की सिबिल बिघडतं, पुढे गाडी ओढून नेण्याची नोटीस येते, आणि ग्राहक आयोगापुढे समोरचा वकील पहिलं वाक्य ‘तक्रारदार थकबाकीदार आहे’ हेच उच्चारतो. गाडी दारात सोडूनही येऊ नका. ताबा सोडलात की त्या काळात गाडीत काय उघडलं, काय बदललं, याचा हिशेब तुमच्याकडे राहत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाचही जॉबकार्डांचे, म्हणजे वर्कशॉपच्या काम-नोंदीच्या कागदांचे, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. दुसरं कार्ड मी पुन्हा पुन्हा पाहिलं. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात फक्त ‘व्हेइकल नॉइज चेक’ एवढंच लिहिलंय. गाडी आत आली तेव्हा किलोमीटर ६,४१२ आणि गेटपासवर बाहेर पडताना ६,४१४. म्हणजे दोन किलोमीटर चालवून त्यांनी ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा मारला. तुमचा आवाज जामसंडे सोडून गाडी चांगली तापल्यावर, नांदगाव तिठ्याकडच्या सपाटीला येतो. शहराच्या गर्दीत दोन किलोमीटरमध्ये तो कुठून येणार? त्या दोन आकड्यांवर तुमची निम्मी केस उभी आहे. ते कार्ड आणि गेटपास जपून ठेवा.

तुमच्या गावच्या मेकॅनिकने सांगितलेलं तुम्ही लिहिलंय, “घाटीत नाय, सपाटीर घुरघुरता. इंजिनाचा नाय वाटना.” मला त्याचं म्हणणं महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एरवी त्यातल्या तेलामार्फत ताकद पुढे जाते. वेग स्थिर झाला आणि पाय हलका असला की डिझेल वाचावं म्हणून त्यातला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र जखडतो. त्या वेळी इंजिनाचे फेरे कमी असतात आणि त्याचा प्रत्येक ठोका सरळ गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या भागांत उतरतो. हा क्लच धरताना-सोडताना घसरत असेल, किंवा गिअरबॉक्सचं तेल खराब झालं असेल, तर रस्त्यावरच्या रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते. फोंडा घाट चढताना तुम्ही पाय दाबता, गिअर खाली येतो, लॉक सुटतो आणि आवाज नाहीसा होतो. म्हणून घाटात चालवून ‘काही नाही’ म्हणणं किंवा उभ्या गाडीत रेस देऊन पाहणं, दोन्हीतून हा दोष सापडणार नाही.

पण दोष तोच आहे असं मी वकील म्हणून सांगू शकत नाही, आणि तक्रारीतही तसं छातीठोक लिहायचं नाही. बसलेलं किंवा गळणारं माउंटिंग, सायलेन्सरचा पाइप चासीला टेकणं, प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा, चाकाचं बेअरिंग, यांतलं काहीही थरथर किंवा गुरगुर आणू शकतं. वेगळं काढायची साधी रीत अशी: आवाज येतो तेव्हा फेरे किती ते पाहायचे, मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेवढेच फेरे ठेवायचे. उभ्या गाडीतही आवाज आला तर इंजिन, माउंटिंग, सायलेन्सर यांच्याकडे बोट जातं. फक्त चालतानाच आला तर शोध गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत न्यावा लागतो. चालत्या गाडीत मॅन्युअल मोडवर एक गिअर खाली घेताच तो थांबला, तर लॉक-अपचा संशय वाढतो.

ही चाचणी त्यांच्याच माणसाला शेजारी बसवून करायची. सहाव्या खेपेला जॉबकार्डावर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: “गाडी गरम झाल्यावर, सपाट रस्त्यावर, हलक्या अ‍ॅक्सिलरेशनला, ५० ते ६० वेगाला, अमुक फेऱ्यांवर गुरगुर आणि थरथर.” वर्कशॉपचा सर्व्हिस सल्लागार टाइप करायला कां-कू करील. मग तेच ई-मेलने पाठवा आणि प्रत्येक वेळी कंपनीच्या कस्टमर केअरलाही प्रत लावा. कंपनीच्या रीजनल टेक्निकल इंजिनिअरची तपासणी लेखी मागा. आवाज नॉर्मल आहे असं त्यांचं म्हणणं असेल, तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर चालवून दाखवा अशी मागणी करा. नकार आला तर तोही लेखी हवा. काम झाल्यावर ‘समाधानी’ या चौकटीत डोळे झाकून सही करू नका, “रोड टेस्ट न करता ताबा घेतला” असं हाताने लिहा.

व्हिडिओ तुम्ही काढलेत, छान. गाडी चालवणाऱ्याने मात्र फोन हातात धरू नये, शेजारच्याने धरावा, आणि स्पीडोमीटर व फेऱ्यांचा काटा एकाच चौकटीत यावा. मूळ फाइल त्या फोनमध्येच ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोगापुढे पुराव्याचे नियम तितके काटेकोर नसतात, तरी मी ते प्रमाणपत्र जोडतेच.

खाऱ्या हवेचा मुद्दा खोडता येण्यासारखा आहे. मिठाने सायलेन्सरचे ब्रॅकेट गंजतात, हीट शील्ड सुटून खडखडते, हे आपल्या किनाऱ्यावर रोजचंच. पण ते गाडी हॉइस्टवर, म्हणजे उचलायच्या यंत्रावर, घेतली की डोळ्यांना दिसतं. गंज असेल तर त्याचा फोटो काढून द्या म्हणावं. बंद गिअरबॉक्सच्या पोटात हवेतून मीठ जात नाही. एक गोष्ट मात्र तुम्ही मला खरी सांगायची: गेल्या पावसात खारेपाटणला किंवा कुठे पुराच्या पाण्यातून गाडी घातली होती का? पाणी आत गेलं असेल तर गिअरबॉक्सचं तेल दुधाळ होतं, आणि मग प्रश्न वॉरंटीपेक्षा विम्याचा होतो. तसं झालं नसेल तर तेलाचा रंग कसा आहे हे जॉबकार्डावर नोंदवून घ्या. ७० हजार आत्ता भरू नका. भरावेच लागले तर ‘हक्क राखून’ असं लिहूनच भरा. बाहेरच्या गॅरेजमध्ये ऐकवायला हरकत नाही, पण एक बोल्टसुद्धा तिथे उघडू देऊ नका.

तक्रार करायला कोल्हापूर गाठायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्गनगरीच्या आयोगात, ती करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती आणि कोकणातल्या माणसाचे त्यात फार हाल होत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग चालतो, तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण वॉरंटी चालू असतानाच दाखल करा. तुम्ही आंब्याच्या पेट्याही याच गाडीने नेता, त्यामुळे ‘व्यापारी वापर’ हा आक्षेप येईल. गाडी तुमच्या नावावर, खासगी नोंदणीची, आणि बाग हे तुमच्या कुटुंबाचं पोट. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. सातबारा जोडा.

गाडी बदलून मिळेल का? मला ते कठीण वाटतं, आणि खोटी आशा मी दाखवणार नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी असेल, तर आख्खी गाडी बदलून द्या असा आदेश देता येत नाही. म्हणून पहिली मागणी दोष शोधून तो भाग विनामूल्य बदलण्याची, त्यावर वाढीव वॉरंटी आणि खेपांचा खर्च व मनस्तापाची भरपाई. दोष निघतच नसेल तर पैसे परत, ही पर्यायी मागणी. शोरूम आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा आणि कोणी काय चुकवलं ते वेगवेगळं लिहा. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात डीलरने जुन्या सालची गाडी नवी म्हणून दिली होती. उत्पादकाला ते माहीत होतं हे सिद्ध झालं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला मोकळं सोडलं.

तक्रारीसोबतच याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज द्या. हे मी कळकळीने सांगते, कारण माझ्याच एका अशिलाची तक्रार एवढ्यासाठी फेटाळली गेली. गाडीत दोष होता, मी स्वतः बसून ऐकला होता, पण तज्ज्ञाचा अहवाल नव्हता आणि जॉबकार्डांवर ‘जनरल चेकअप’ याखेरीज काही नव्हतं. शासकीय तंत्रनिकेतनातल्या यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाची नेमणूक मागता येते. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते. त्या तपासणीत रस्ता, वेग आणि गाडी गरम असणं हे तिन्ही आदेशात लिहून घ्यायचं, नाहीतर तिथेही गाडी उभी करून रेस देतील.

दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक ठेवा, आणि स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. मसुदा मी करून देते. कणकवलीला याल तेव्हा पाचही जॉबकार्डं, गेटपास, वॉरंटीची पुस्तिका आणि कर्जाचा करार मूळ प्रतींसह आणा, आणि गाडी घेऊनच या. नांदगावपर्यंत एक चक्कर मला शेजारी बसून मारायची आहे.