माडीवरचं पांढरं घुबड आणि खाली पडणारे काळे गोळे

ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत. गावाकडच्या वाड्याच्या माडीत पांढऱ्या तोंडाचं घुबड राहतंय, त्याच्याखाली पडणारे केसाळ गोळे ही त्याची घाण आहे का? सासूबाई म्हणतात तसं त्याला हाकलावं का? आणि हरभऱ्याच्या शेतात उंदरांचं औषध टाकलं तर चालेल का? तिन्हींचं उत्तर त्या गोळ्यांतच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

हे गव्हाणी घुबड. आपल्या परभणी-हिंगोलीकडं पडक्या गढ्या, बुरूज, माळवदाची रिकामी घरं, कडब्याचे गोठे अशा जागी ते राहतं. त्याची शिट पांढरी आणि पातळ असते, भिंतीवर तिचे ओघळ दिसतात. गोळे तोंडातून पडतात. घुबड उंदीर डोक्याकडून अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं राहतात. पोटात त्यांचा दाबून गोळा होतो आणि काही तासांनी घुबड मान ताणून तो ओकून टाकतं. ताजा गोळा काळा, ओलसर, चकचकीत असतो. वाळला की करडा आणि हलका होतो. शिक्रा किंवा ससाणाही गोळे टाकतात, पण ते भक्ष्य तोडून खातात आणि त्यांच्या पोटातलं आम्लही तीव्र असतं, त्यामुळं हाडं बरीच विरघळतात. घुबडाच्या गोळ्यात जवळजवळ सगळा सांगाडा मिळतो.

एक गोळा फोडून बघाच. दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, हातमोजे घाला, कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं केस बाजूला करा. आधी कवट्या शोधा. पुढचे दोन दात लांब, वाकडे आणि नारिंगी-पिवळे असतील आणि त्यांच्यामागं मोकळी जागा असेल, तर तो उंदीर. कवटी लांबट आणि दात पांढरे, टोकदार, सलग ओळीत असतील तर ती चिचुंद्री. कधी चिमणीची चोचही निघते. आपल्या भागातल्या गढ्यांमधले असे गोळे मी बरेच फोडलेत, त्यांत सगळ्यात जास्त उंदीरच निघतात. घुबडानं रात्री काय मारलं याची याहून पक्की नोंद दुसरी नाही.

अंधारात त्याला हे जमतं ते कानांमुळं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो, त्यामुळं आवाज वरून आला की खालून हेही त्याला कळतं. त्याचा तो बदामासारखा चेहरा आवाज गोळा करून कानांकडं पाठवतो. धसकटाखाली उंदीर हलला तरी पुरे.

सासूबाईंना रात्री फुसफुस, घोरल्यासारखं ऐकू येत असेल तर बहुधा वर पिल्लं आहेत. मादी पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवायला बसते, म्हणून पिल्लं लहान-मोठी असतात. पिल्लं आहेत तोवर आई-बाप रात्रभर उंदीर आणत राहतात. अशा वेळी हाकललं तर पिल्लं उपाशी मरतील. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली घुबडाला संरक्षणही आहे. सासूबाईंना फोडलेला गोळा दाखवा. ज्वारीच्या कणग्यांवर कोण राखण करतंय ते त्यांना लगेच कळेल.

आता औषध. यावर मी ठामपणे सांगतो: ब्रोमाडायोलोन हे उंदीर मारायचं विष टाकू नका. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणं बंद होत जातं आणि तो काही दिवस सुस्त, उघड्यावर फिरत राहतो. घुबडाला असा उंदीर सगळ्यात आधी सापडतो. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं, ते घुबडात उतरतं, आणि असे थोडे उंदीर खाऊन घुबडही आतल्या रक्तस्रावानं मरू शकतं. दिवसा तारेवर बसणारी, हवेत जागीच पंख मारणारी कापशी घारही याच विषाला बळी पडते. त्याऐवजी बांध साफ ठेवा, बिळं खणून बुजवा, पिंजरे लावा आणि हरभऱ्यात पक्षीथांबे उभे करा. शेजाऱ्यानं औषध टाकलंच तर मेलेले उंदीर रोज सकाळी उचलून खोल पुरायला सांगा.

आणि एक विनंती. तुम्ही प्रश्नात गावाचं नाव आणि वाड्याचा फोटो दोन्ही टाकलंय, ते आजच काढा. दिवाळीच्या अमावस्येच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे फिरतात. पिल्लांचे फोटो मला वेगळे पाठवा, वय बघून ती कधी उडतील याचा अंदाज सांगतो.